चादर दोनदा हलवायची राहिली

त्याला सगळे ‘हलूनका’ म्हणायचे. बंदराच्या मागच्या रस्त्यावर, दोरखंडाच्या दुकानाला लागून त्याचा फोटो स्टुडिओ होता. पासपोर्टचा फोटो काढायला आलेल्या माणसाला तो स्टुलावर बसवायचा, दोन बोटांनी हनुवटी वर करायचा आणि दम दिल्यासारखा ओरडायचा, “हलू नका!” समोर खलाशी असो, नवी नवरी असो की बंदराचा मोठा साहेब, आवाज तोच. तान्ह्या बाळालासुद्धा हेच सांगायचा. बाळ भोकाड पसरायचं, आणि मग हा त्याच्या आईकडे असा बघायचा की पोराला वळण लावलं नाही हा तिचाच गुन्हा. पण फोटोला नाव ठेवायला जागा नसायची. त्यामुळे लोक शिव्या घालत का होईना, त्याच्याकडेच जायचे.

खरं सांगायचं तर स्टुडिओ चालत होता तो बायकोच्या ब्रशवर. निगेटिव्हवर धूळ बसते, एखादा केस चिकटतो, कपड्याचा धागा पडतो, आणि ते सगळं कागदावर पांढरं उमटतं. पडद्यामागच्या खोलीत खिडकीपाशी बसून ती ते पांढरे डाग करड्या रंगानं भरायची. ब्रश एवढा बारीक की त्याला केस किती ते मोजून सांगता आलं असतं. तिनं भरलेला डाग शपथेवर दाखवला असता तरी कुणाला दिसला नसता. नवऱ्याला ती तोंडावर सुनवायची, “निम्मा फोटो तुम्ही काढता, निम्मा मी.” तो मुकाट्यानं कॅमेरा पुसायला घ्यायचा, कारण त्यात खोटं काही नव्हतं.

आता प्रत्येकाला एखादं खूळ असतं. ह्याचं खूळ म्हणजे फुटकी जहाजं. त्या किनाऱ्यावर तीन पडली होती, त्यातलं सगळ्यात मोठं खडकावर चढून बसलेलं मालवाहू जहाज. लोक त्याला सांगाडा म्हणायचे. ओहोटीला किनाऱ्यापासून तिथपर्यंत वाळूचा पट्टा उघडा पडायचा, असेल तीनशे पावलांचा. पाणी फिरलं की अर्ध्या तासात पट्टा गडप, आणि तिथली ओढ अशी की पट्टीचा पोहणारासुद्धा पाय घालत नसे. सूर्य बुडायच्या बेताला हलूनका किनाऱ्यावर स्टँड लावायचा, भिंगापुढे काळी काच बसवायचा आणि झाकण चार-चार, नऊ-नऊ मिनिटं उघडं ठेवायचा. तेवढ्या वेळात समुद्राचं नुसतं धुकं होतं. लाटा, पक्षी, चालणारी माणसं, जे हलतं ते फोटोत येतच नाही. जागचं हलत नाही तेवढंच उरतं. त्याला हे भारी आवडायचं. दिवसभर हलणाऱ्या माणसांनी डोकं उठवलेलं असायचं ना.

आणि ह्या माणसाला मेहुणा मिळाला भिंगरी! बायकोचा धाकटा भाऊ. सव्वीस वर्षांचा घोडा झाला तरी एका जागी घडीभर टेकेल तर शपथ. पायाला भिंगरी लागलेली, म्हणून नावच ते पडलं. पाच ठिकाणी कामाला लागला, पाचही सोडली. दोनदा घरातून न सांगता निघून गेला, एकदा तर तीन आठवड्यांनी उगवला, तोही दात काढत. म्हातारे वडील बंदरात क्रेनवर होते, सगळी हयात एका खुर्चीत बसून लोखंड उचललेलं. त्यांना हा मुलगा म्हणजे रोजची डोकेदुखी. आई लहानपणीच गेली, म्हणून त्याला ताईनंच वाढवला. ताईपुढे त्याचे सगळे गुन्हे माफ.

पण गंमत अशी, की हाच भिंगरी कॅमेऱ्यापुढे पुतळ्यासारखा उभा राहायचा. एकदा हलूनकाला वाटलं, जहाज केवढं आहे ते कळायला नाळेवर, म्हणजे पुढच्या उंच टोकावर, एक माणूस हवा. “दाजी, मी जातो की!” म्हणून हा टुणकन निघाला. सांगाड्याच्या नाळेवर चढला आणि चार मिनिटं श्वाससुद्धा घेतला नसेल असा उभा राहिला. तेव्हापासून ते दोघांचं ठरूनच गेलं. किनाऱ्यावरून हाक पोचायची नाही, म्हणून खूण होती चादरीची. हलूनकाकडे एक जुनी पांढरी चादर असायची, वाऱ्यानं कॅमेरा हलू नये म्हणून आडोशाला धरायची. चादर एकदा झटकली की थिजायचं. दोनदा झटकली की सुटलास, पाणी फिरायच्या आत पळत ये. टॉर्च बरोबर असायचाच, परतताना खडकांत पाय घसरू नये म्हणून. घरी आल्यावर ताई दोघांना चहा देत म्हणायची, “हा तुमच्यासमोर चार मिनिटं उभा राहतो, मग कामावर चार महिने का नाही टिकत?” भिंगरी म्हणायचा, “कामावर कुणी चादर हलवत नाही ना, ताई!”

पुढे बंदराच्या कचेरीनं मोठ्या दालनासाठी सांगाड्याचा फोटो मागितला, आणि हलूनकाच्या डोक्यात हवा गेली. सगळा लवाजमा घेऊन दोघे गेले. प्रिंट धुऊन बघतो तर नाळेवरच्या माणसाला डोकंच नाही! भिंगरीनं मान वळवली होती. कुठलासा पक्षी डोक्यावरून गेला म्हणाला. हलूनकाचं पित्त खवळलं. समोर दोन गिऱ्हाइकं बसलेली, त्यांच्यादेखत त्यानं मेहुण्याला फाडून खाल्लं. “चार मिनिटं उभं राहायचं, एवढंच काम होतं तुला! जन्मात एक गोष्ट धड करशील तर शपथ. आजपासून माझ्याबरोबर यायचं नाही.” भिंगरी नेहमी उलट बोलायचा. त्या दिवशी नुसता कान लाल करून उभा राहिला आणि निघून गेला. घरी वडिलांच्या कानावर आधीच गेलं होतं. त्यांनीही बाकी ठेवलं नाही, “तोंड काळं कर” इथपर्यंत मजल गेली.

तीन दिवसांनी भरती-ओहोटीची वेळ जुळत होती. हलूनका एकटाच गेला. वारा जमिनीवरून समुद्राकडे होता, म्हणून तो कॅमेऱ्याच्या जमिनीकडच्या बाजूला बसला, चादर दोन्ही हातांत धरून, समुद्राकडे पाठ करून. मनगटावरचं घड्याळ डोळ्यांजवळ आणायचं तर चष्मा काढावा लागायचा, तो खिशात घातलेला. चार मिनिटांचा एक फोटो झाला, नऊ मिनिटांचा दुसरा झाला. मेहुणा बरोबर नाही, पळत कुणाला यायचं नाही, म्हणून पाण्याची फिकीरही नव्हती. पंधरा मिनिटांचा तिसराही उरकला. अंधारून आलं तसं सामान गुंडाळून तो घरी आला. मन अगदी प्रसन्न होतं हो त्याचं. तिन्हींतला दुसरा फार सुरेख आला होता, दुसऱ्याच दिवशी त्यानं त्याची मोठी प्रिंट काढली. तेवढा जहाजाच्या काळ्या कुशीवर एक वळलेला पांढरा केस आला होता. “हा केस तेवढा घालव,” असं म्हणून त्यानं प्रिंट बायकोपुढे ठेवली. तिनं अर्ध्या तासात घालवला.

भिंगरी घरी आला नाही ते पहिले दोन दिवस कुणी मनावर घेतलं नाही. पुन्हा लागली पायाला भिंगरी, झालं. आठवड्यानं ताईला धास्ती वाटायला लागली. “माझा टॉर्चसुद्धा घेऊन गेला,” ती म्हणायची. “खिळ्यावरून काढताना ‘नेतो गं’ म्हणाला, मी कामात होते, मान वर करून बघितलंसुद्धा नाही.” पोलिसांत वर्दी दिली. तिथल्या हवालदारानं आधीचे दोन प्रसंग ऐकले आणि वही मिटली. हलूनकानं मेहुण्याचा फोटो मोठा करून बस स्थानकावर लावला, स्टेशनवर लावला. म्हातारा मात्र पेटला होता. “माझ्या तोंडाला काळं फासून पळाला. आला तर उंबऱ्याच्या आत घेणार नाही, आणि मी मेलो तर त्यानं माझ्या मढ्याला हात लावायचा नाही.” लेकीनं समजावलं की आणखी चढायचा. सात महिने हेच. दाराची कडी वाजली की ताई ब्रश खाली ठेवायची, आणि दारात दुसरंच कुणी बघून पुन्हा उचलायची.

इकडे कचेरीच्या दालनात सांगाड्याचा फोटो लागला होता, चांगला चार हात रुंद. येणारे-जाणारे थांबून बघायचे. साहेब इतके खूश झाले की समोरच्या भिंतीसाठी आणखी एक द्या म्हणाले. हलूनकानं दुपारी डार्करूमचं दार लावून घेतलं आणि तो एकटा गेला होता त्या दिवशीच्या निगेटिव्हची पाकिटं काढली. पहिली निगेटिव्ह त्यानं तेव्हा आकाश फार भडक आलं म्हणून बाजूला टाकली होती, आज म्हटलं बघू या, सावरता येईल. कागद ट्रेमध्ये बुडवला. लाल दिव्यात हळूहळू जहाज वर आलं, नाळ आली, नाळेवर तांदळाच्या दाण्याएवढा माणूस आला. ताठ. डोकं, खांदे, सगळं रेखीव. आणि काय सांगू, हलूनकाला आधी आनंद झाला! व्वा रे पठ्ठ्या, काय उभा राहिलाय, असंच मनात आलं. त्या जागी भिंगरीला बघायची डोळ्यांना इतकी सवय झाली होती की निगेटिव्ह टाकताना तो खटकलाही नव्हता. मग त्यानं पाकिटावरची तारीख वाचली. त्याच्याच अक्षरातली.

दुसरी निगेटिव्ह त्यानं दिव्यावर धरली आणि भिंग लावलं. नाळेवर त्याच जागी एक फिकट सावली होती. म्हणजे थोडा वेळ उभा होता, मग हलला. आणि खाली जहाजाच्या कुशीवर तो केस. निगेटिव्हवर फुंकर मारली, मऊ ब्रश फिरवला. केस असता तर उडाला असता. तो वरून चिकटलेला नव्हताच, उजेडानं आत उमटलेली रेघ होती. गोल फिरून आलेली, पुन्हा फिरलेली, पुन्हा. कुणीतरी हातात दिवा घेऊन किनाऱ्याकडे तोंड करून तो फिरवला होता. तिसऱ्या निगेटिव्हमध्ये जहाज होतं, धुक्यासारखं पाणी होतं. बाकी काही नव्हतं.

हलूनका तिथेच खाली बसला. आता त्याला सगळं आठवायला लागलं. आडोशाला धरायच्या आधी चादरीत वाळू होती, ती त्यानं झटकली होती. एकदाच. मेहुणा खडकांच्या बाजूनं गपचूप नाळेवर चढला होता, दाजीचा फोटो नीट करून द्यायला. दाजीनं चादर एकदा झटकली, तो थिजला. मग तो दुसऱ्या खुणेची वाट बघत राहिला. पहिला फोटो संपला, दुसरा सुरू झाला, पाणी फिरलं, पट्ट्यावर चढलं, तरी हा हलला नाही, कारण मागच्या वेळी हलला होता. चादर काही दोनदा हलली नाही. ओरडला असेल तेव्हा फार उशीर झाला होता, आणि वाऱ्यानं तो आवाज समुद्राकडे नेला. आणि तीनशे पावलांवर हा, पाठ करून, घड्याळाचा काटा नाकाशी धरून बसलेला. डार्करूममध्ये त्यानं स्वतःच्या तोंडात मारून घेतलं, एकदा नाही, कितीतरी वेळा.

आता बायकोला सांगायचं कसं? सांगावं तर भाऊ मेला हे कळणार, नवरा तिथेच बसून होता हे कळणार, आणि भावाची शेवटची हाक आपण आपल्याच ब्रशनं बुजवली हेही कळणार. आणि न सांगावं तर ती मरेपर्यंत कडीच्या आवाजाला ब्रश खाली ठेवत राहणार. रोज सकाळी तो ठरवायचा, आज बोलायचं. रोज रात्री तसाच कूस बदलत पडायचा. तुम्ही-आम्ही काय वेगळं केलं असतं, ते मला नका विचारू. अकरा दिवस असे गेले.

बाराव्या दिवशी बायको वडिलांकडून आली ती डोळे पुसतच. म्हाताऱ्याला दमा फार झाला होता. “आजही तेच. पळपुटा, पळपुटा. डॉक्टर म्हणाले आता फार दिवस नाहीत. बाबा ह्याला शिव्या घालता घालताच जाणार हो.” हलूनकानं डार्करूममध्ये जाऊन दुसऱ्या निगेटिव्हची प्रिंट काढली, वाळवली, आणि तिच्या टेबलावरच्या पासपोर्टच्या फोटोंवर ठेवून दिली. भ्याडपणाच तो, दुसरं काय? त्याला वाटलं, ती बघेल आणि तिचं तिलाच कळेल.

तिला कसं कळणार? तिनं प्रिंट पुढे ओढली, कपाळाला आठ्या घातल्या. “अगंबाई, हा केस अजून तिथेच? निगेटिव्ह पुसत जा म्हणून किती वेळा सांगायचं तुम्हाला!” आणि ब्रश ओला करून लागली भरायला. हलूनका दारात उभा राहून बघत होता. एक वळण गेलं. दुसरं गेलं. हात कसा सफाईनं चालला होता तिचा! तिसऱ्या वळणावर ब्रश आला तेव्हा तो म्हणाला, “नको. पुसू नकोस.”

“का?”

“तो केस नाही. टॉर्च आहे तो.”

“कसला टॉर्च?” तिनं विचारलं, पण तो प्रश्न अर्ध्यातच मेला. तिनं भिंग उचललं. तो बोलत राहिला, चादरीचं सांगितलं, वाळूचं, घड्याळाचं, चष्म्याचं, काही लपवलं नाही. ती रडेल, अंगावर धावून येईल, असं त्याला वाटत होतं. झालं असतं तर बरं झालं असतं. तिनं फक्त विचारलं, “किती मिनिटं?”

“नऊ. हा फोटो नऊ मिनिटांचा.”

“आणि तुम्ही तिथेच होतात.”

“तिथेच होतो.”

ती उठली, प्रिंट घेऊन नळापाशी गेली. ताजा रंग पाण्यानं निघतो. पाण्याची बारीक धार सोडून ती अंगठ्यानं प्रिंट चोळायला लागली. करडं पाणी मोरीत वाहत होतं, आणि बुजवलेली वळणं एकेक करून परत वर येत होती. सगळी आली तरी तिचा अंगठा थांबेना. “‘नेतो गं’ म्हणाला,” ती म्हणाली, “आणि मी मान वर केली नाही.” मग मात्र तिनं हंबरडा फोडला. हलूनका पुढे झाला तर तिनं ओल्या हातानं त्याला लांब ढकललं.

दुसऱ्या दिवशी दोघे म्हाताऱ्याकडे गेले. बोलली तीच. पहिल्या निगेटिव्हची प्रिंट तिनं वडिलांच्या हातात दिली, वर भिंग धरलं. म्हातारा बराच वेळ बघत होता, धाप लागली तरी बघत होता. “म्हणजे पळाला नाही,” तो म्हणाला.

“नाही बाबा.”

“ताठ उभा आहे गं.”

“चार मिनिटं. जराही हलला नाही.”

म्हाताऱ्यानं जावयाकडे एकदा बघितलं आणि भिंतीकडे तोंड केलं. त्यानंतर तो जावयाशी कधी बोलला नाही, आणि मुलालाही कधी शिवी दिली नाही. पुरते वीस दिवससुद्धा जगला नाही. ती प्रिंट त्याच्या उशीखाली सापडली, बोटांनी हाताळून नाळेपाशी पांढरी पडलेली.

बायकोनं ब्रश पुन्हा हातात धरला नाही. स्टुडिओतून आता धुळीसकट फोटो जातात, लोक कुरकुरतात, आणि हलूनका ऐकून घेतो. दोघे एकाच घरात राहतात, कामापुरतं बोलतात. पण त्याआधी तिनं त्याला एक काम सांगितलं होतं, आणि ते त्यानं त्याच आठवड्यात केलं. नवी मोठी प्रिंट खांद्यावर घेऊन तो बंदराच्या कचेरीत गेला. शिपायाला हाताशी धरून दालनातली चौकट उतरवली, आतला फोटो काढून नवा बसवला, चौकट पुन्हा टांगली. शिपाई चार पावलं मागे जाऊन बघायला लागला, मग पुढे आला आणि काचेवर बोट ठेवलं.

“मास्तर, जुनाच चांगला होता की. ह्यात इथे केस आलाय बघा. वहिनींना सांगून घालवून घ्या.”

“राहू दे,” हलूनका म्हणाला. “तो माझा मेहुणा आहे.”